वाजवून घेतलेलं घर

“आणि कुठं कुठं वाजवलंस?” रेवणबाबांनी विचारलं.

सिद्राम याच प्रश्नाची वाट बघत होता. तो मांडी ऐसपैस घालून बसला.

“कुठं कुठं म्हंजे? समदं घर वाजवलं. हातभर अंतरानं, खालपासनं वरपर्यंत.”

रेवणबाबा सोळा वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या मठात गादीवर बसले, आणि लोक तिथं डोकं ठेवू लागले. त्याआधी चाळीस वर्षं ते गवंडी होते, आणि सिद्रामनं पहिल्यांदा थापी धरली ती त्यांच्याच हाताखाली. आज आसपासच्या गावांत कुणाला बांधलेलं घर विकत घ्यायचं झालं, की आधी सिद्रामला बोलावणं जाई. थापीच्या दांड्यानं तो भिंतीवर ठोके मारी आणि कान देई. भिंत पक्की असली की खणखणीत वाजे, पोकळ असली की आवाज बसका येई. सिद्राम ‘घ्या’ म्हणाला की लोक निर्धास्त सही करत. याचा त्याला अभिमान होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही. लपवायचा तरी कशाला?

या वेळी मात्र घेणारं माणूस परकं नव्हतं. त्याची थोरली बहीण, कलावतीआक्का. दवाखान्यात नर्स म्हणून तीस वर्षं राबलेली, भाड्याच्या खोल्या बदलून बदलून थकलेली. मालकांनी घर बँकेकडे गहाण ठेवलेलं होतं. नवं कर्ज काढून आक्का ते सोडवणार होती आणि उरलेलं आयुष्य त्याच छपराखाली काढणार होती. सही उद्या सकाळी होती.

“बँकेनं काय बघितलं?”

“कागद. कागद बँकेनं बघितले, विटा मी बघितल्या.”

“कशा हायती?”

“परसात चार उरल्या व्हत्या. एकमेकीवर आपटल्या, काशाच्या वाटीवानी वाजल्या. नखानं ओरखडून बघितल्या, रेघ उठली न्हाई. भिंतीतल्या दोन विटांमधला माल खिळ्यानं कोरून हातावर चोळला. मातीचा कण न्हाई त्यात, निव्वळ वाळू-शिमिट.”

“लोणा?”

“कुठंच न्हाई. भिंतीवर पांढरा खार फुटलेला न्हाई. स्लॅबखाली गंजाचा डागबी न्हाई.”

बाबांनी होकारार्थी मान हलवली. सिद्रामची छाती दोन बोटं पुढे आली. बाबांची मान हलणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. आजवर ती चार-पाच वेळा हलली असेल.

“तुमच्या हाताखाली शिकलोय,” तो म्हणाला. “मला कोण फसवणार?”

बाबांनी तक्क्याला पाठ टेकली.

एवढ्या कौतुकावर गप्प बसेल तो सिद्राम कसला! सिद्रामला अजून सांगायचं होतं.

“आणि माणसंबी देवमाणसं, बाबा. घर विकायला काढलंय, तरी गेल्या महिन्यात देवघर नवं केलं. माजघरातली आख्खी भिंत, वरपासनं खालपर्यंत संगमरवरी फरशी. बघूनच हात जुळले.”

“गेल्या महिन्यात?”

“व्हय.”

“विकायच्या घरात?”

“…व्हय.”

“मग तिथं कसं वाजलं?”

“तिथं?” सिद्राम हसला. “देवाच्या भिंतीवर दांडा कसा मारू, बाबा? मालकांनी सोता नेलं तिथं. त्यांनी हात जोडले, मी जोडले. आन् म्हागं फिरलो.”

हे सांगतानाही त्याचा आवाज ताठच होता. आपण कामात चोख आहोत आणि रीतीलाही सोडत नाही, हे बाबांना कळावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

बाबा जमिनीला हात टेकून उठले. आपल्या गादीवरचा तक्क्या त्यांनी बाजूला सारला. मागं चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत होती.

“इथं वाजव.”

“तुमच्या गादीमागं?”

“वाजव.”

सिद्रामनं पिशवीतून थापी काढली. त्यानं दांडा हळूच टेकवला, मग एक ठोका मारला.

आवाज बसका आला.

तो हातभर सरकला. पुन्हा तसाच. तिसरा ठोका त्यानं जरा जोरानं मारला, तेव्हा चुन्याचा एक पोपडा सुटून गादीवर पडला.

“ही तर तुमच्या हातची भिंत.”

“माझ्याच.”

“तुम्हाला ठावं व्हतं?”

“टेकून बसतो की रोज.”

“सोळा वर्षं मी हितं डोकं ठेवतोय…”

“समदेच ठेवत्यात.”

सिद्रामच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मग एकदम त्याला दुसरी न वाजवलेली भिंत आठवली. ती चकचकीत फरशी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि मालकाचे घाईघाईनं जोडलेले हातही. त्या भिंतीला लागूनच आक्काची खाट पडणार होती. जागा त्यानंच दाखवली होती.

तो गुडघ्यांवर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला भीती वाटली.

“बाबा, माझ्या कानावरचा माझा भरवसा गेला आता. तुम्हीच सांगा. आक्कानं घर घ्यावं का न्हाई? तुम्ही म्हणाल ते तिला जाऊन सांगतो. तुमच्या शब्दापुढं मला दुसरं काय बघायचं न्हाई.”

बाबांनी गादीवरचा पोपडा उचलून बाजूला ठेवला. सावकाश खाली बसले, आणि त्याच भिंतीला पाठ टेकली.

“मला आत्ताच वाजवलंस की,” ते म्हणाले. “आवाज कसा आला?”