मारेकऱ्याचा दंड आणि थांबलेला चौघडा

एकदा एक गणराज्य रुसून बसलं होतं. राजा रुसल्याचं आपण ऐकतो, पण इथे मुळी राजाच नव्हता. सगळा कारभार सभेचा, आणि सभा म्हणजे वेशीच्या आतल्या पटांगणात जमणारे झाडून सारे नागरिक. त्यामुळे रुसायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांनाच रुसावं लागलं.

कारण मात्र भयंकर होतं. एका महत्त्वाकांक्षी माणसाला सेनापतिपद हवं होतं आणि सभेने कौल दुसऱ्याला दिला. त्या रागात त्याने जत्रेच्या मांडवाची दारं बाहेरून बांधली आणि मांडव पेटवून दिला. कितीतरी माणसं आत होरपळून गेली. तो पकडला गेला, त्याचा गुन्हाही शाबीत झाला. अडलं ते पुढे. त्याला दंड काय द्यायचा? निम्मी सभा म्हणे देहदंड, निम्मी म्हणे आजन्म कारावास, आणि कुणीच तसूभर हलेना.

त्यात पहिल्याच दिवशी लोकांनी शोकाच्या भरात शपथ घेतली होती, की दंड ठरेपर्यंत वेशीवरचा चौघडा झडणार नाही. आता त्या नगराची रीत अशी, की चौघडा झडल्यावाचून लग्न लागत नसे, नव्या घरात पाऊल पडत नसे, पोराचं बारसंसुद्धा होत नसे. मग काय विचारता! बांधलेली घरं कुलूपबंद पडली, आणि बिननावाची पोरं रांगायला लागली तरी त्यांच्या आया त्यांना ‘अरे ए’ आणि ‘अगं ए’ अशाच हाका मारत राहिल्या.

या रुसव्यात एक शिष्य पुरता भरडून निघाला होता. नगरातल्या वृद्ध आचार्यांकडे तो शिकत असे. त्याचा थोरला भाऊ दुसऱ्यांना बाहेर काढताना त्या आगीत गेला होता. शिष्याचं लग्न ठरलं होतं ते गुळाचे व्यापारी हरबाशेठ यांच्या मुलीशी, गोदाशी. हरबाशेठची म्हातारी आईसुद्धा त्याच मांडवात गेलेली. दुःख एकच, पण शिष्य देहदंड मागत होता आणि शेठ कारावास. मागच्या सभेत शिष्याचा तोल सुटला. भर सभेत तो म्हणाला, “शेठ, तुम्हाला आईपेक्षा तो मारेकरी प्यारा झालाय!”

हरबाशेठ ताडकन उठले. “असला जावई मला नको. आमच्या दाराची पायरी चढू नकोस.”

झालं, सोयरीक मोडल्यात जमा झाली. गोदा पाणवठ्यावर भेटली तेव्हा शिष्य मान खाली घालून उभा राहिला. ती म्हणाली, “भांडा तुम्ही दोघं पोटभर. तोवर मी म्हातारी होते, म्हणजे मुंडावळ्या पांढऱ्या केसांवर बांधता येतील.” बोलली हसत, पण डोळे पुसत निघून गेली. त्या रात्री शिष्याला अन्न गेलं नाही.

पुढची सभा भरली. शिष्य एका टोकाला, हरबाशेठ दुसऱ्या टोकाला. तेच मुद्दे, तीच तोंडं, तोच आरडाओरडा. अखेर आचार्यांच्या बोलण्याची पाळी आली. आचार्य उठले, पण बोललेच नाहीत. काठी टेकत ते वेशीवरच्या नगारखान्याचा जिना चढले, नगाऱ्यावरची चादर ओढून काढली आणि टिपरी हाणायला सुरुवात केली. ना ताल, ना ठेका! नुसता धडाडधूम.

सभेत एकच गहजब उडाला. “अहो, आवरा म्हाताऱ्याला!” “शपथ मोडली!” “चळ लागला आचार्यांना!” शिष्य धावत जिना चढला आणि त्याने गुरूंचा हात धरला. “आचार्य, माझा दादा जळून गेला, आणि आपण नगारा बडवता?”

आचार्यांनी टिपरी खाली ठेवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलू लागले.

“मी रोज सकाळी त्या बंदिवानाला भाकरी नेऊन देतो. पश्चात्तापाचा एक शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही. तो मला एकच प्रश्न विचारतो. ‘चौघडा वाजला का?’ मी नाही म्हणालो, की तो समाधानाने जेवतो. हे गणराज्य फुटावं म्हणून त्याने मांडव पेटवला. ती आग विझली. उरलेलं त्याचं काम आता आपण करतो आहोत. दंड त्याला द्यायचा होता ना? मग आजवर तो कोणी भोगला? त्या रांगणाऱ्या लेकरांनी? त्या गोदेने? हा पोर आणि हा शेठ एकाच आगीत पोळलेत. एक म्हणतो मारा, एक म्हणतो कोंडा. पण दोघांनाही हवा आहे तो न्यायच. एकमेकांचं हे म्हणणं ऐकू येईल इतपत मन निवलं, तरच सभेला दंड ठरवण्याचा अधिकार आहे. आपला आनंद त्याच्या दंडाला बांधून ठेवू नका. म्हणून आधी चौघडा, आणि मग न्याय.”

शिष्याला दादा आठवला. कुणाचीही वरात असो, सर्वांत पुढे नाचणारा, फेटा सुटला तरी न थांबणारा दादा. शिष्याने टिपरी उचलली आणि नीट ठेक्यात नगारा वाजवायला सुरुवात केली. रडत होता आणि वाजवत होता. खालून सनईवाला धापा टाकत वर आला. कुणीतरी पोर उचलून “हिचं नाव मैना!” असं ओरडलं, आणि मग काय, भराभर नावं ठेवली जाऊ लागली. आयाबाया हसत होत्या, रडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या.

त्याच दुपारी बंदिवानाला सभेपुढे आणलं. इतरांना जेवढा वेळ, तेवढाच त्यालाही बोलायला दिला. तो म्हणाला, “आधी ते वाजवणं थांबवा!” त्यापुढे त्याला काही सुचलंच नाही. मग चर्चा झाली, आणि काय आश्चर्य, लोक एकमेकांचं ऐकत होते. शिष्य बोलला तेव्हा हरबाशेठनी मान डोलावली. शेठ म्हणाले, “मारण्याचा अधिकार एकदा हाती घेतला, की सभा उद्या तो कुणावर चालवेल याची मला भीती वाटते. मला त्याची दया येते असं नव्हे.” त्यांचं म्हणणं शिष्याने त्या दिवशी प्रथमच शेवटपर्यंत ऐकलं. त्याला ते पटलं नाही, पण ते बोलताना शेठना आईची आठवण छळते आहे, हे मात्र दिसलं.

हात वर झाले. कौल थोडक्याने गेला, कारावासाकडे. मारेकऱ्याने मरेपर्यंत बंदीत राहावं, असं ठरलं. शिष्य हरला. तरी त्याने उठून सभेचा कौल मान्य असल्याचं सांगितलं. मग तो तडक हरबाशेठसमोर गेला आणि वाकला. “शेठ, मागच्या सभेत मी बोललो ते चुकलं.”

हरबाशेठनी त्याला उठवून छातीशी धरलं.

लग्न दणक्यात लागलं. पंगतीत हरबाशेठ स्वतः जिलबीचं ताट घेऊन जावयापुढे आले. शिष्याने पानावर हात आडवा धरला. “मामा, एक आधीच सांगतो. माझं मत अजून तेच आहे. यापुढे असल्या गुन्ह्याला देहदंडच असावा, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार.”

“मांडा की, जावईबापू! मी कडाडून विरोध करणार,” शेठ म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या हाताखालून दोन जिलब्या पानात सरकवल्या. शेजारी गोदा खुदकन हसली. दूर बसलेल्या आचार्यांकडे शिष्याची नजर गेली. आचार्य मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावून खुशीत बसले होते. शिष्याने जिलबी उचलली.

मारेकऱ्याला योग्य दंड कोणता, यावर आपलंही एकमत होणार नाही. तो वाद घालताना एका पंगतीला बसता आलं, तर मारेकऱ्याचा निम्मा पराभव तिथेच झाला म्हणायचा.