लोरीचे धुराडे

आमच्या खोऱ्यात शिरताना डाव्या हाताला जी बोडकी टेकडी दिसते, तिच्या माथ्यावर एक दगडी धुराडे उभे आहे. धुराडे आहे, पण घर नाही. भिंती नाहीत, छप्पर नाही. उंबऱ्याची म्हणून एक लांबट शिळा तेवढी गवतात पडलेली आहे आणि तिच्यावर मेंढ्या बसतात. पाहुण्यांना वाटते, म्हातारे घर असेल, काळाच्या ओघात कोसळले असेल. ते कोसळले नाही, पाडले. आणि पाडण्याआधी ते एक दिवसही धड उभे नव्हते, असे सांगतात.

वेल्समध्ये धुक्याची तक्रार करत नाहीत. करायला बसले तर दुसरे काम व्हायचे नाही. पण या टेकडीची गोष्ट धुक्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून त्याला आधीच तिच्यात घेतलेले बरे.

साल होते अठराशे सोळा. त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. जून महिन्यात डोंगरावर हिमाचे कण पडले म्हणे, ओट उभ्या शेतात कुजले, आणि दलदलीतून कापून काढलेले पीट, आमच्या चुलीचे काळे जळण, वाळता वाळेना. आदल्याच वर्षी फ्रान्सशी चाललेली मोठी लढाई संपली होती. तिकडून परतलेले शिपाई लंगडत, खोकत गावोगाव काम मागत फिरत होते आणि काम कुठेच नव्हते. त्यातच आमच्या जमीनदाराने पार्लमेंटकडून परवानगी आणली. टेकडीवरचे गायरान, जे आजवर सगळ्यांचे होते, ते कुंपण घालून एकट्याचे होणार होते.

त्या वेळी खाली चॅपेलशेजारी मेरिग नावाचा मेंढपाळ राहत असे. चॅपेल म्हणजे आमच्या लोकांनी आमच्या भाषेत प्रार्थना करण्यासाठी बांधलेले साधे घर. मेरिग तिथला वडीलधारा होता. त्याच्या शब्दाला खोऱ्यात फार वजन. कुणाची मेंढी कुणाच्या कळपात मिसळली, कानावरच्या खुणेवरून भांडण लागले, की दोघेही मेरिगकडे जात. तो मेंढीचा कान उजेडात धरून पाही आणि सांगे. एकदा त्याने स्वतःचीच दुभती मेंढी शेजाऱ्याच्या हवाली केली, कारण खूण शेजाऱ्याची निघाली. शेजारी नको नको म्हणत होता. मेरिग म्हणाला, "डोळ्यांनी पाहिलं ते सांगायचं. बाकीचं देव बघेल."

लोरी ही त्याची धाकटी बहीण. आईबाप तापाने गेले तेव्हा ती चालायलाही लागली नव्हती. मेरिगनेच तिला वाढवले. तिच्यापायी तो बिनलग्नाचा राहिला, असे काही जण सांगतात. काही जण म्हणतात, त्याला कुणी विचारलेच नाही. ते कसेही असो, लोरीवर त्याचा जीव होता. तिने इथेल नावाच्या गवंड्याशी लग्न केले. तो लढाईवर गेला आणि परतला तो छातीत कायमचा खोकला घेऊन. जमीनदाराने त्यांचे खोपट दुसऱ्याला दिले होते. मेरिगने दोघांना आपल्या माळ्यावर घेतले, तर जमीनदाराच्या कारभाऱ्याने बजावले की एका छपराखाली दोन कुटुंबे चालणार नाहीत. हिवाळ्याच्या आत दोघांना बाहेर काढ, नाहीतर तूही नीघ. लोरीला तेव्हा दिवस गेले होते.

आता आमच्याकडे एक जुनी रीत होती. गायरानावर सूर्य बुडाल्यापासून सूर्य उगवेपर्यंत ज्याने घर उभे केले आणि पहाटे ज्याच्या धुराड्यातून धूर निघाला, त्याचे ते घर. मग त्याला तिथून राजाही हलवू शकत नाही. कायद्याच्या पुस्तकात असे काही नाही, असे वकील सांगतात. नसेल. पण खोऱ्यातली निम्मी घरे अशीच उभी राहिली होती.

मेरिग कारभाऱ्याकडे गेला. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, कुंपणाच्या खुंट्या ठोकायच्या आत ही एक रीत पाळू द्या. कारभारी वाईट माणूस नव्हता, असे सांगतात. त्याला नोकरी होती, एवढेच. लोकांची मने फार दुखवू नयेत म्हणून तो कबूल झाला. त्याने एवढेच विचारले, की धूर वेळेवर निघाला हे ठरवायचे कसे? वर काम करणारे तर निघाला असेच म्हणणार.

"त्यांची साक्ष धरू नका," मेरिग म्हणाला. "चॅपेलच्या पायरीवरून माथा स्वच्छ दिसतो. तिथं उभं राहून आपल्या डोळ्यांनी जो पाहील, त्यानं शपथेवर सांगायचं. आमच्याकडं तेवढं पुरतं."

ही अट त्याने स्वतःच घातली. दुसऱ्या कुणाच्या मनातही ती आली नसती. पण मेरिगला आयुष्यभर दुसरी तऱ्हा ठाऊक नव्हती, आणि कारभाऱ्यापुढे आपल्या लोकांची मान ताठ राहावी असेही त्याला वाटले असणार.

ऑक्टोबरात, डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणतात त्या आठवड्यातला शनिवारची पहाट ठरली. शुक्रवारी सूर्य बुडाला तसे अख्खे खोरे वर गेले. दगड आधीच निवडलेले होते, गवतासकट कापलेली ढेकळे रचून ठेवलेली होती, छपरासाठी लव्हाळ्याच्या पेंढ्या बांधलेल्या होत्या. मेरिगनेही खांद्यावर दगड घेतला होता. लोरीने तो उतरवून ठेवायला लावला.

"तू खालीच थांब," ती म्हणाली. "तू पाहिला म्हणालास की पुढं कुणी विचारणार नाही."

म्हणून तो खाली राहिला. पोटच्या पोरीसारखी बहीण वर डोंगरावर दगड उचलते आहे आणि आपण चुलीपाशी हात बांधून बसलो आहोत, हे त्याला सोसले नसावे. चूलही त्याने पेटवली नव्हती. खोऱ्यात त्या पहाटे एकही चूल पेटली नाही, कारण बहुतेक घरांत पेटवायला कुणी नव्हतेच, आणि मागे राहिलेल्यांनीही पेटवली नाही.

फटफटायच्या आधी तो पायरीवर येऊन उभा राहिला. गिरणीवाली शॉनेद आणि आणखी दोघे-तिघे म्हातारे, ज्यांना चढ झेपत नव्हता, तेही आले. कारभारी घोड्यावरून उतरला, त्याच्या बगलेत बायबल होते. आणि मग नदीकडून धुके आले.

ते आधी पुलावर चढले, मग स्मशानाच्या भिंतीवर, आणि बघता बघता त्याने टेकडी गिळली. पायरीवरून समोरचे फाटकसुद्धा दिसेना. मेरिग डोळे फाडून पाहत राहिला. वरून हातोड्याचे आवाज येत होते, मग तेही थांबले. थोड्या वेळाने माणसांचा एकदम जल्लोष ऐकू आला. आणि त्यामागून, ओल्या हवेतून हळूहळू उतरत, जळत्या पीटचा वास आला.

धुके पांढरे होत गेले. कारभाऱ्याने खिशातले घड्याळ पाहिले.

"सूर्य उगवला," तो म्हणाला. "धूर पाहिलास?"

"वास येतोय," मेरिग म्हणाला.

"वास खोऱ्यात रोजच असतो."

"आज खाली एकही चूल पेटलेली नाही. हा वास वरचाच आहे."

"मी चुलींचं विचारत नाही." कारभाऱ्याने बायबल पुढे धरले. "तूच म्हणालास, डोळ्यांनी पाहिलेलं. तू धूर पाहिलास का?"

शॉनेद मागून हळूच म्हणाली, "हो म्हण, मेरिग."

मेरिगने पुस्तकावर हात ठेवला.  

"नाही पाहिला," तो म्हणाला.

मग कारभाऱ्याने एकेकाला विचारले. मेरिगने नाही म्हटल्यावर हो म्हणायची छाती कुणाला होणार? सगळे नाही म्हणाले. शॉनेदही नाही म्हणाली.

मेरिग आणि कारभारी टेकडी चढू लागले. निम्म्या चढावर धुके संपले. वर लख्ख ऊन होते, त्या अख्ख्या वर्षात क्वचित दिसलेले ऊन, आणि त्या उन्हात एक ठेंगणे घर उभे होते. धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. माणसे दमून गवतावर आडवी पडली होती. लोरी दारात उभी होती, कपाळाला काजळी लागलेली. नव्या चुलीवर भाजलेल्या ओटच्या भाकरीचे तुकडे ती वाटत होती. भावाला पाहताच ती हसली.

"पाहिलास ना?"

"खाली धुकं होतं, लोरी," मेरिग म्हणाला.

ती काय समजायचे ते समजली. ओरडली नाही, रडलीही नाही. तिने त्याचा हात धरला, त्याला आत नेले आणि त्याचा तळवा धुराड्याच्या दगडावर टेकवला.

"गरम आहे ना?"

"आहे."

"मग?"

मेरिगने हात काढून घेतला.

दुपारी जमीनदाराची माणसे पहारी घेऊन आली. छपराला आणि भिंतींना वेळ लागला नाही. धुराडे मात्र इथेलने बांधले होते. त्यांनी दोर बांधला, तट्टे जुंपली, दोर तुटला. शेवटी कंटाळून त्यांनी ते तसेच सोडले. इथेल आणि लोरी त्याच संध्याकाळी गाठोडे घेऊन दक्षिणेकडे निघाले, तिकडे लोखंडाच्या भट्ट्यांवर काम मिळते असे ऐकले होते म्हणून. मेरिग पुलापर्यंत त्यांच्याबरोबर गेला. कोण काय बोलले, हे कुणालाच ठाऊक नाही.

नाताळाच्या सुमारास गुरे विकून परतणाऱ्या एका माणसाने निरोप आणला. वाटेत बर्फात अडकले असताना, कुणाच्या तरी गवताच्या कोठारात लोरी बाळंत झाली. ती गेली आणि मूलही गेले. इथेल पुढे कुठे गेला, ते कधीच कळले नाही.

चॅपेलची माणसे मेरिगची समजूत घालायला गेली. तू खरे तेच बोललास, देवाला ते ठाऊक आहे, असे म्हणाली. मेरिगने मान वर करून विचारले, "मग देवानं वर ऊन का पाडलं?" त्यानंतर त्याची समजूत घालायला कुणी गेले नाही. चॅपेलमध्ये तो मागच्या बाकावर बसू लागला आणि प्रार्थनेत त्याचा आवाज पुन्हा कुणी ऐकला नाही.

वर्ष फिरले. मेंढ्या खाली आणायचा आठवडा आला. त्या शनिवारी अंधार असतानाच मेरिग पीटची टोपली पाठीवर घेऊन एकटा टेकडी चढला. उघड्यावर उभ्या राहिलेल्या त्या चुलीत त्याने विस्तव घातला आणि खाली येऊन चॅपेलच्या पायरीवर उभा राहिला. त्या दिवशीही धुके होते. फाटकापलीकडचे काही दिसत नव्हते. रस्त्याने दुधाची कासंडी घेऊन चाललेल्या बायका थबकल्या, कारण मेरिग टेकडीकडे तोंड करून मोठ्याने बोलत होता.

"धूर दिसतोय. मी पाहिला."

ज्या माणसाने जन्मात खोटा शब्द उच्चारला नाही, त्याच्या तोंडून हे ऐकून बायकांच्या अंगावर काटा आला. शॉनेदने कासंडी खाली ठेवली, त्याच्या शेजारी पायरीवर चढली आणि म्हणाली, "मीही पाहिला." मग एकेक जण येत गेला. ज्या कुणी आदल्या वर्षी पुस्तकावर हात ठेवून नाही म्हटले होते, ते सगळे आले आणि पाहिला म्हणून गेले.

त्या दिवसापासून मेरिगने मेंढ्यांच्या खुणांचे निवाडे सोडले. कुणी मेंढी घेऊन आलेच, तर तो म्हणे, दुसऱ्याकडे जा, मी खोटे बोललेला माणूस आहे. मरेपर्यंत दरवर्षी तो धूर करत राहिला, आणि त्याच्यानंतर गावाने ते काम घेतले.

आजही त्या शनिवारी आमच्याकडे सकाळी कुठल्याच घरात चूल, शेगडी, चहाची किटली काही चालू होत नाही. एक जण वर जाऊन धुराड्यात विस्तव घालतो आणि बाकीचे चॅपेलच्या अंगणात जमतात. सगळ्यांत म्हातारे माणूस प्रत्येकाला नाव घेऊन विचारते, धूर पाहिलास का, आणि प्रत्येक जण सांगतो, पाहिला. हवा स्वच्छ असेल तर ते सोपे असते. गेल्या वर्षी धुके इतके होते की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता. पाळकबाईंनी सांगितले, पाहिला. शाळेतल्या पोरांनी सांगितले, पाहिला. एरवी याच पोरांना खोटे बोलल्याबद्दल आम्ही कोपऱ्यात उभे करतो.

सगळ्यांचे सांगून झाले की धुके विरेपर्यंत कुणी हलत नाही. मग ज्यांना झेपते ते वर जातात आणि एकेक करून धुराड्याच्या दगडाला तळवा लावतात. दगड गरम असतो. लोरीच्या त्या 'मग?'चे उत्तर अजून कुणाला सापडलेले नाही. मग सगळे खाली येतात आणि आपापल्या घरी जाऊन चहा ठेवतात.