हॅलो म्हणू नकोस

माइक हातात आला की तुम्ही सगळ्यात आधी काय म्हणता?

हेमांगीही तेच म्हणाली. "हॅलो, हॅलो... माइक टेस्टिंग..."

मागच्या खोलीत ठेवलेल्या स्पीकरमधून आवाज कर्रकन फाटून आला.

"बघा चाचा." ती स्टुलावर मटकन बसली. "महिनाभर हेच चाललंय."

मिरजेतल्या त्या अरुंद दुकानात दस्तगीरचाचा चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करत होते. हेमांगीला सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं होतं. आता ती स्वतः आयटीआयमध्ये शिकवत होती. घरी बनवलेला साधा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन पुन्हा इथली पायरी चढावी लागली, हे तिला लागलंच होतं.

"हिशेब चुकला असेल," चाचा म्हणाले.

"माझा हिशेब चुकत नाही."

"मग आलीस कशाला?"

"अण्णांसाठी," ती हळूच म्हणाली.

घशाच्या ऑपरेशननंतर तिच्या वडिलांचा आवाज म्हणजे नुसता श्वास उरला होता. महिन्यापूर्वी एका सकाळी त्यांनी पाणी मागितलं. स्वयंपाकघरात तिला ते ऐकू गेलं नाही. ते एकटेच उठले आणि दारात पडले. तेव्हापासून हा खटाटोप. माइक त्यांच्या खाटेपाशी, स्पीकर ओट्यावर.

"गेन वाढवला की आवाज फाटतो. कमी केला की अण्णा ऐकूच येत नाहीत. तीनदा रेझिस्टर बदलले चाचा. आता डोकंच चालत नाही."

तिने गेन उतरवायला स्क्रूड्रायव्हर उचलला. चाचांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"आत जा. स्पीकरपाशी बस."

"आणि?"

"बस म्हटलं ना."

ती आत गेली. जुन्या रेडिओंच्या ढिगाशेजारी, भिंतीला डोकं टेकून बसली. महिनाभरात ती स्पीकरपाशी अशी कधी बसलीच नव्हती. डोळे मिटायला लागले. बराच वेळ काहीच नाही...

मग टिक... टिक... टिक.

ती धडपडत बाहेर आली. चाचांचं चावीचं घड्याळ माइकवर उताणं पडलं होतं. गेनचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवलेला.

"अहो, एवढा गेन? यावर मी हॅलो म्हटलं तर पुन्हा फाटेल!"

चाचांनी घड्याळ उचलून मनगटावर बांधलं.

"मग तू म्हणू नकोस."

...

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुकरची शिट्टी थांबल्यावर, ओट्यावरच्या स्पीकरमधून "हेमा... पाणी" असं ऐकू आलं, आणि ती तांब्या घेऊन गेली.