घडी घातलेलं पत्रक

तेजोनाथ महाराज भक्तांच्या मिटलेल्या चिठ्ठ्या नुसत्या कपाळाला लावून वाचत. त्यांच्या शब्दाखातर इंदुताई गवाणकरांच्या बहिणीने मधुमेहाची औषधं सोडली आणि ती अंथरुणाला खिळली. तेव्हापासून इंदुताई मंडपाच्या दाराशी महाराजांविरुद्ध पत्रकं वाटू लागल्या.

चौथ्या दिवशी महाराज हवालदाराला घेऊनच आले. "हिचा गठ्ठा जप्त करा."

इंदुताईंनी घडी घातलेला एक कागद पुढे केला. "न उघडता वाचून दाखवा महाराज, गठ्ठा मीच देते."

भोवती भक्त जमले होते. महाराजांनी कागद कपाळाला लावला, डोळे मिटले. "निंदा आहे. ओळन् ओळ खोटी."

हवालदाराने घडी उलगडली. आत महाराजांचीच जाहिरात होती.

इंदुताई म्हणाल्या, "आज मात्र अगदी बरोबर वाचलंत."