धाकट्या पिंपाची चव

फार जुनी गोष्ट आहे, तेव्हा पिंपंही गप्पा मारत. एका द्राक्षमळ्याच्या तळघरात एकाच हंगामाच्या लाल वाइनची चार पिंपं होती. तीन मोठी, विलायती लाकडाची. चौथं धाकटं, आंब्याच्या लाकडाचं. लाकडातून वाइन हळूहळू उडून जाई, म्हणून राखणदार यमुनाबाई दर महिन्याला धाकट्यातली थोडी काढून तिन्ही मोठी पिंपं काठोकाठ भरायच्या.

सहा वर्षांनी चव घ्यायचा दिवस उजाडला. तोवर धाकटं पार रिकामं झालं होतं.

"तुझ्यात चाखायचं काय उरलंय? तू आता चुलीत जाणार!" मोठी पिंपं खिदळली.

चवीचे जाणकार तात्या आले. पहिल्याचा घोट घेऊन म्हणाले, "वा, जांभूळ!" दुसऱ्याला म्हणाले, "लवंग!" तिसऱ्याला, "काळी मिरी!" मग डोळे मिटून थांबले. "पण यमुनाबाई, तिन्हींत शेवटी जिभेवर एक आंब्याचा गोडवा रेंगाळतोय. तो कुणाचा?"

यमुनाबाईंनी धाकट्यावर थाप मारली. "ह्याचा! नवी वाइन आली की पहिल्यांदा ह्यालाच भरणार."

धाकट्याला हसू आवरेना, आणि आतून रिकामं असल्यामुळे ते हसू सगळ्या तळघरात घुमत राहिलं.