स्टुलाचा आखूड पाय

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध ध्वनिमुद्रक राहत असत. उभं आयुष्य त्यांनी इतरांचे आवाज टिपण्यात घालवलं होतं, त्यामुळे स्वतः बोलण्याची त्यांना फारशी सवय राहिली नव्हती. लोक त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली विश्राम नावाचा एक तरुण शिष्य होता. कान तयार, हात कुशल, आणि स्वभाव इतका हळवा की दुसऱ्याला खोकला आला तरी याच्या घशात खवखव व्हावी. अशी माणसं जगाला हवीतच. फक्त त्यांच्या हाती कात्री देताना जरा विचार करावा.

एके दिवशी हंसा नावाची एक बाई आबांकडे आली. ती बालवाडीत शिकवायची. स्वतः रचलेली काही गाणी तिने घरच्या मागच्या खोलीत बसून, हाती एकतारी घेऊन, साध्याशा यंत्रावर टिपून ठेवली होती. एक आवाज, एक तार, बाकी काही नाही. "लोकांनी ऐकण्याजोगी आहेत का, तेवढं सांगा," म्हणाली, आणि शाळेची वेळ झाली म्हणून लगबगीने निघूनही गेली. आबांनी ती गाणी ऐकली. मग शिष्याला म्हणाले, "ऐक. हात लावू नकोस, नुसतं ऐक."

विश्रामची आई गेल्या चैत्रात गेली होती. तेव्हापासून त्याच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता. नातेवाईक आपसांत कुजबुजत, पोरगं दगडाचं आहे. दगडाचं कसलं! बिचाऱ्याला रडायला जागा सापडत नव्हती, एवढंच. तर त्या गाण्यांत एक गाणं होतं, घरातून घाईघाईने बाहेर पडलेल्या एका बाईचं. "दूध ठेवलंय चुलीवर, येतेच मी एवढ्यात," असा त्याचा मुखडा. 'येतेच' म्हणण्याआधी हंसा थांबायची, एक श्वास घ्यायची, आणि मग पुढचे शब्द उच्चारायची. विश्राम त्या श्वासापाशी पोचला आणि ढसाढसा रडला.

मग काय विचारता! त्या गाण्यांनी त्याला पुरतं झपाटलं. दात घासताना तीच, सायकलवर तीच, जेवताना घास हातात तसाच राहायचा. कोणीतरी दाराआड बसून आपल्यापुरतं गातंय आणि साऱ्या गावात त्याचा पत्ता फक्त आपल्याला ठाऊक आहे, असं त्याला वाटे. प्रेमात पडलेल्या माणसाला असंच वाटतं, आणि ते काही खोटं नसतं.

पुढे आबा भाचीच्या लग्नाला परगावी गेले, आणि नेमका तेव्हाच गाण्यांचा एक व्यापारी येऊन टपकला. नवी गाणी शोधायची आणि गावोगावी पोचवायची, हा त्याचा धंदा. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. विश्रामने मोठ्या उमेदीने त्याला हंसाची गाणी ऐकवली. शेठनी थोडा वेळ ऐकलं आणि ते हसले.

"गळा गोड आहे हो बाईंचा. पण गाणं सुरू कधी होणार? आणि ही ठकठक कसली? शेजारी कोणी खिळे ठोकतंय का?"

खरोखरच गाण्यांच्या मागे एक बारीकशी 'टक' होती. विश्रामला ती आजवर कधी खटकली नव्हती. आता मात्र त्याला तेवढीच ऐकू यायला लागली.

"शेठ, साधंच आहे ते. म्हणून तर..."

"साधं म्हणजे काय, भाजीला फोडणीच द्यायची नाही? जरा सजवा. मग ही गाणी घराघरांत नेतो, माझा शब्द आहे."

शेठचं ते हसू शिष्याच्या काळजाला लागलं. आपल्या माणसाला कोणी चारचौघांत हसावं, तसं त्याला झालं. यापुढे तिला कोणी हसता कामा नये, असं त्याने मनाशी पक्कं केलं आणि तो कामाला बसला. आधी ती ठकठक पुसली. मग श्वास पुसले. मधल्या रिकाम्या जागा मिटवल्या, त्यांत बासरी घातली, तबला घातला, मागे व्हायोलिनांचा ताफा उभा केला. तहानभूक विसरून केलं पोराने. शेठ खूश झाले.

आबा परतले त्याच दिवशी हंसालाही बोलावणं गेलं होतं. विश्रामने सजवलेली गाणी ती मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"छान झालंय," ती म्हणाली. "कोण गायलंय हे?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं.

"तुम्हीच, हंसाताई."

"असं होय?" ती उठली, पिशवी खांद्याला लावली. "मेहनत घेतलीत तुम्ही, दिसतंय मला. पण माझं नाव नका घालू त्याच्यावर. आणि माझी गाणी परत द्या. घरी आहेत तिथंच बरी आहेत ती."

विश्राम जे जगापुढे न्यायला निघाला होता, तेच दारातून परत चाललं होतं. तेवढ्यात आबा म्हणाले, "ताई, जाण्याआधी इथे एकदा गाल का? मला म्हाताऱ्याला ऐकायचंय."

आबांच्या वयाकडे पाहून ती थांबली. आतल्या बंद खोलीत भिंतींना जाड कापड होतं, मधोमध आबांचं जुनं सागवानी स्टूल होतं. नामांकित गवई त्यावर बसून गेले होते आणि ते जमिनीवर कसं ठाम उभं असे. हंसा बसली, तिथली एकतारी छेडली, गायला लागली. सूर लागत होता, शब्द आठवत होते, पण गाणं काही चालेना. मध्येच लय सुटायची. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. तिचे डोळे भरून आले. "आता मला गाताही येईनासं झालं वाटतं," ती म्हणाली.

आबा मागे गेले आणि करवत घेऊन आले. तिला उभं राहायला सांगितलं, स्टूल उलटं केलं आणि त्याच्या एका पायाचा खालचा तुकडा खसाखसा कापायला लागले.

"अहो आबा! काय करताय हे? चांगल्या स्टुलाचं वाटोळं!" विश्राम ओरडला.

आबांनी तुकडा बाजूला टाकला. भुसा झटकला, स्टूल सरळ ठेवलं आणि म्हणाले, "बसा, ताई."

ती बसली तशी स्टूल एका बाजूला कललं. "अगोबाई!" ती दचकली आणि मग चक्क हसली. "हे तर आमच्या घरच्या स्टुलासारखंच झालं. अस्सं डुगडुगतं मेलं!"

ती गायला लागली. गाताना तिचं अंग नकळत झुलत होतं, आणि दर मात्रेला स्टुलाचा आखूड पाय जमिनीला टेकत होता. टक. टक. त्या ठेक्यावर गाणं आपल्या पायांनी चालत गेलं. आपण कचरा म्हणून काय झाडून टाकलं, हे विश्रामला उमगलं आणि त्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

गाणं संपल्यावर आबांनी विश्रामला विचारलं, "या गाण्यात तू रडला होतास. नेमका कुठे रडलास?"

"'येतेच'च्या आधी. त्या श्वासापाशी."

"मग तू सजवलेल्या गाण्यात तो श्वास कुठे आहे?"

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुझं प्रेम खोटं नव्हतं रे. पण आवडलं तेव्हा तू स्वतःच्या कानांनी ऐकत होतास. शेठ हसले, आणि तू त्यांच्या कानांनी ऐकायला लागलास. आपलं असंच होतं. माणूस आवडतो तो आहे तसा, पण चारचौघांत न्यायची वेळ आली की आपणच त्याचा भांग बदलायला घेतो. अरे, या गाण्यांत मोकळी जागा होती, म्हणून तुला तुझी आई घेऊन आत शिरता आलं. तिथे तू तबला आणून बसवलास. आता दुसरा कोणी आपलं दुःख घेऊन आला, तर तो बसेल कुठे?"

विश्रामने हंसापुढे हात जोडले. "चुकलं माझं, ताई. मूळ गाणी माझ्याकडे जशीच्या तशी आहेत. तीच देऊ का शेठना? तुमचं नाव घालून?"

"श्वासासकट?"

"श्वासासकट. ठकठकीसकट."

तिने एकतारी खाली ठेवली. "मग घाला," म्हणाली.

पुढच्या खेपेला शेठ आले तेव्हा आबांनी त्यांना मुद्दाम त्याच स्टुलावर बसवलं. "फोडणी दिलेलं राहू द्या," ते म्हणाले, "आज घरचं ऐका. मध्ये बोलू नका, एवढंच." शेठ कुरकुरत बसले. गाणं सुरू झालं. आधी त्यांनी घड्याळ पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग डोळे मिटले. हळूहळू ते झुलायला लागले.

गाणं संपलं. तरी खोलीत टक, टक चालूच होती. शेठनी डोळे उघडले.

"संपलं ना गाणं? मग ही ठकठक अजून कुठून येतेय?"

"शेठ," विश्राम हळूच म्हणाला, "ती तुमची आहे."

शेठनी खाली स्टुलाच्या पायाकडे पाहिलं. या वेळी ते हसले नाहीत. खिशातून रुमाल काढून नाक पुसलं, आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "ते दुधाचं... परत एकदा लावता का?"