झऱ्याला हाक मारणारी मुलं

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. राज्य इवलंसं, पण राजा भलता हौशी. नाव त्याचं देवबा. पुष्कळ वर्षं त्याच्या घरी पाळणा हलला नाही, आणि मग मुलगी झाली, शेवंती. राजाला आनंद मावेना. त्यानं दवंडी पिटली, "कुणाच्याही दारात मूल आलं, तर त्याच्या हातावर लाडू ठेवायचा. रिकाम्या हातानं पाठवायचं नाही!"

लोकांना तेच हवं होतं. मग काय! या घरी बेसनाचा, त्या घरी रव्याचा, शाळेच्या वाटेवर बुंदीचा. नको म्हटलं तर घरची माणसं रुसायची.

आता त्या डोंगरावर होता एक झरा. झऱ्यात राहायची माई. मोठी झोपाळू, आणि तुम्ही बघा, टक्क जागे! तर दर चैत्रात राज्यातली झाडून सगळी मुलं आपल्या पायांनी वर जायची आणि एका दमात हाक मारायची, "माई, ऊठ!" मग माई उठायची आणि पाणी खळाळत खाली यायचं. मोठ्यांची हाक तिला ऐकूच जायची नाही. उचलून नेलेलं मूलही चालायचं नाही, बरं का.

शेवंती शाळेत जाऊ लागली, त्या चैत्रात मुलं निघाली. अर्ध्या वाटेतच कुणी खाली बसलं, कुणाच्या पोटात कळ आली. शेवंतीला तर अशी धाप लागली, की ती रडायलाच लागली. हाक काही वर पोचली नाही. पाणी आलं करंगळीएवढं. म्हातारी माणसं म्हणाली, "पुढच्या वर्षी असंच झालं, तर गाव सोडावं लागेल." राजानं कपाळावर हात मारून घेतला. लाडवांची दवंडी त्याचीच होती ना!

मग त्यानं पुन्हा दवंडी पिटली, "लाडू बंद!" पण आज्या कुठल्या ऐकतात! पदराआडून लाडू चालूच. मग वैद्यबुवांनी कडू काढा दिला. मुलांनी तो गुपचूप तुळशीत ओतला. बिचाऱ्या तुळशीनं मान टाकली.

मग राजा स्वतः शाळेत गेला. पंतोजींपुढे हात जोडून म्हणाला, "माझं चुकलं. आता काय करू?"

पंतोजी म्हणाले, "महाराज, लोक प्रेमानं देतात, ते देणं मोडू नका. लाडवाऐवजी खेळ द्यायला सांगा. शाळेतल्या जेवणाचं मी बघतो."

मग तिसरी दवंडी झाली, "दारात मूल आलं, तर त्याला एक खेळ द्यायचा!" आणि काय मज्जा! कुंभारकाकांनी फुटक्या खापऱ्या रचून लगोरी दिली. सुतारानं विटीदांडू दिला. आज्यांनी पदर खोचले आणि फुगड्या घातल्या. शाळेत सगळी एका पंगतीला बसायची. भाकरी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, वर ताक. राजकन्येलाही तेच. लाडू? होता की, सणाला! राजानं काय दिलं? तो मुलांबरोबर लंगडी खेळायचा. दरबारी हसले. हसेनात का!

पुढचा चैत्र आला. मुलं निघाली, मागोमाग राजा. उभ्या चढावर शेवंती थांबली. तिला दम लागला होता. राजाचा जीव टांगणीला लागला. पण कुणी तिला हसलं नाही, की पुढे पळालं नाही. सगळी म्हणाली, "बस जरा. आम्ही आहोत." ती बसली, पाणी प्याली, ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाली, "चला!"

झाडून सगळी वर पोचली. मग अशी हाक मारली म्हणता! माई दचकून उठली. "अगं बाई, केवढ्यानं ओरडता!" म्हणाली, आणि पाणी उड्या मारत निघालं.

राजा कुठे होता? लंगडी खेळूनसुद्धा शेवटच्या चढावर मटकन बसला होता! शेवंती धावत खाली आली. हात पुढे करून म्हणाली, "उठा बाबा, थोडंच राहिलंय." राजाचे डोळे भरून आले. तो उठला, लेकीचा हात धरून वर गेला, आणि खाली उतरताना भेटेल त्याला सांगत सुटला, "ही माझी शेवंती! आपल्या पायांनी चढली, आणि मलाही चढवलं!"

मग घरोघरी पाणी आलं, सगळी सुखानं नांदली. आणि त्या दिवशी मुलं दमून अशी गाढ झोपली, की कुणाला थोपटावंसुद्धा लागलं नाही. तुम्हीही दिवसभर हुंदडलात ना? मग मिटा बघू डोळे.